कापडी कुंडीतली झाडं: बांधणी आणि वळण यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गच्चीवर किंवा बाल्कनीत कापडी कुंड्यांमध्ये भाजीपाला लावणाऱ्यांकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात. उत्तरं मिरची, टोमॅटो, वांगी, वेलभाज्या आणि थोडीफार फळझाडं समोर ठेवून लिहिली आहेत. खोड कसं वाकवायचं हे बहुतेकांना दोन-चार प्रयत्नांत जमतं. खरी अडचण असते ती दोरीचं दुसरं टोक कशाला बांधायचं याची, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिलं आहे.

कापडी कुंडी म्हणजे नक्की कोणती? हिरवी प्लास्टिकची ग्रो बॅग वेगळी का?

वेगळी. बाजारात हिरव्या किंवा पांढऱ्या विणलेल्या प्लास्टिकच्या ज्या पिशव्या मिळतात, त्यांच्या भिंतीतून हवा जात नाही, फक्त खालच्या भोकांतून पाणी जातं. कापडी कुंडी जाड, नमद्यासारख्या दिसणाऱ्या न विणलेल्या कापडाची असते आणि तिच्या चारही बाजूंनी हवा खेळते. मूळ भिंतीपर्यंत पोचलं की त्याचं टोक कोरड्या हवेनं सुकतं आणि मागे नवी मुळं फुटतात. त्यामुळे प्लास्टिकच्या कुंडीत मुळं जशी गोल गोल फिरत राहतात तशी इथे फिरत नाहीत. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या वृक्ष-रोपवाटिकांनी अशा पिशव्या याच कारणासाठी वापरायला घेतल्या.

बांधणीचं म्हणाल तर दोन्ही प्रकारांची अडचण एकच आहे: काठ मऊ. फरक एवढाच की विणलेल्या पिशवीला भोक पाडलं की धागे सुटत जाऊन ती उसवते. कापडी कुंडीला पाडलेलं भोक बऱ्यापैकी तेवढंच राहतं.

झाड सरळ वाढतंय तर वाढू दे की. वाकवून बांधायचं कशाला?

सगळ्या झाडांना गरज नसतेच. पण शेंडा वर असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक खाली उतरतं आणि बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं, हे केनेथ थीमन आणि फोल्के स्कूग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९३३ साली दाखवलं. त्यांनी शेंडा छाटलेल्या रोपावर ऑक्सिन लावलं, तर डोळे दबलेलेच राहिले. २०१४ साली वाटाण्यावर झालेल्या कामातून असंही दिसलं की शेंडा गेल्यावर डोळ्यांकडे वळणारी साखर ही पहिली चालना देते, ऑक्सिन कमी होण्याचा परिणाम त्यानंतर येतो. कारण काहीही धरा, आपल्याला दिसतं ते असं: खोड आडवं केलं की वरच्या बाजूचे डोळे एकामागून एक जागे होतात.

गच्चीवर याचा आणखी एक फायदा आहे, आणि माझ्या मते तोच मोठा. झाड बुटकं आणि पसरट राहिलं की वाऱ्याला कमी सापडतं. हलक्या मिश्रणानं भरलेल्या पिशवीत साडेचार फुटी मिरची उभी करणं म्हणजे ती कधीतरी आडवी होणार हे ठरलेलंच.

कुंडीला कडक काठच नाही. दोरी अडकवायची कुठे?

याचे चार मार्ग आहेत. चारही सारखे चांगले नाहीत.

सर्वांत टिकाऊ मार्ग म्हणजे तारेचं कडं. तीन-चार मिलिमीटर जाडीची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार कुंडीच्या तोंडाएवढी गोल वळवून टोकं एकमेकांत पिळून घ्यायची. पिशवीचा वरचा दीड-दोन इंच भाग त्या कड्यावरून बाहेर दुमडायचा आणि गोणी शिवायच्या दाभणानं नायलॉनच्या दोऱ्याचे टाके घालायचे. आता तुमच्याकडे कडक काठ आहे आणि त्यावर हवी तिथे दोरी बांधता येते. माती भरायच्या आधी हे काम फार सोपं जातं. भरलेल्या पिशवीवरही जमतं, फक्त वाकून वाकून कंबर दुखते.

दुसरा मार्ग पितळी आयलेटचा, म्हणजे भोकाला बसवायच्या धातूच्या कड्यांचा. फ्लेक्सचे बोर्ड किंवा ताडपत्री विकणाऱ्या दुकानात आयलेट ठोकायचं हत्यार असतं. काठ दुहेरी दुमडून, मध्ये रेक्झिनचा तुकडा घालून चार ते सहा आयलेट मारून घ्या. एकेरी कापडावर मारलं तर पहिल्या जोराच्या वाऱ्यात ते कापडासकट निघतं.

तिसरा मार्ग कमरपट्ट्याचा. नायलॉनची दोरी पिशवीच्या पोटाभोवती दोन वेढे घालून आवळायची आणि पार्सल बांधतात तशी खालून फुलीसारखी घ्यायची. ही फुली महत्त्वाची. ती नसेल तर ओढ बसली की पट्टा वर सरकतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना, पिशवीला भोक पाडायला जीव धजत नाही अशांना हा मार्ग बरा.

चौथा मार्ग सेफ्टी पिना आणि कागदाच्या काळ्या चिमट्यांचा. कोवळ्या रोपाचा शेंडा चार दिवस खाली धरून ठेवायला ठीक. फांदी जाड झाली की पिना वाकतात आणि पावसात गंजतात.

पिशवीच्या हँडलला बांधलं तर?

समोरासमोरच्या दोन्ही हँडलना सारखी ओढ असेल तर चालेल. एकाच हँडलला बांधलं तर पिशवी त्या बाजूला कलते, पाणीही तिकडेच साचतं आणि दुसऱ्या बाजूची माती कोरडी पडते.

झाड वाकवताना मुळासकट उपटून येतं. काय चुकतंय?

मागचा बांध राहिला. कापडी कुंडीतलं मिश्रण कोकोपीट, कंपोस्ट असं भुसभुशीत असतं, बुंध्याला जमिनीसारखी पकड नसते. म्हणून आधी बुंधा जमिनीपासून दोन बोटं वर, वाकवायच्या उलट दिशेला सैलसर बांधून घ्यायचा. तो पक्का झाल्यावरच शेंडा दुसऱ्या बाजूला ओढायचा. मग ओढ बुंध्याच्या वर बसते, मुळांना कळतही नाही. पाहिलेल्या फसलेल्या बांधण्यांपैकी बहुतेक याच एका दोरीपायी फसलेल्या असतात.

काठी रोवली तर ती कलते. खोल रोवली तर पिशवीच्या तळातून बाहेर येते.

बारा बाय बारा इंची पिशवीत साधारण २२ लिटर मिश्रण मावतं आणि त्याची खोली फूटभरच. त्या फूटभर भुसभुशीत मातीत पाच फुटी बांबू एकटा उभा राहणार नाही, ही अपेक्षाच सोडून द्या. तळातून बाहेर आलेली काठी तर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची शत्रू आहे. वाऱ्यात झाड हललं की ती तिथेच घासत राहते.

तीन काठ्या कडेनं रोवून वर एकत्र बांधल्या तर तिपाई होते आणि मिरची-वांग्याला ती पुरते. त्याहून उंच काही असेल तर आधार पिशवीबाहेर न्या. नारायणगाव, जुन्नर, पिंपळगाव बसवंत या टोमॅटोच्या पट्ट्यात शेतकरी बांबू, तार आणि सुतळी वापरून बांधणी करतात. त्याचीच छोटी आवृत्ती गच्चीवर करता येते. रंगाच्या दोन रिकाम्या बादल्यांत बांबू उभे करून सिमेंट-खडी ओता, त्यांच्यामध्ये पिशव्या ओळीनं ठेवा आणि दीड-दीड फुटावर आडव्या तारा ताणा. सिमेंट नको असेल तर २० लिटरचे तेलाचे कॅन वाळूनं भरून बांबूच्या पायाशी बांधा. पाण्यानं भरले तर प्रत्येकी वीस किलो होतात, वाळूनं भरले तर तीसच्या आसपास.

कठड्यात खिळे किंवा हुक ठोकू नका. सोसायटीची परवानगी हा एक भाग झाला, पण त्या भोकातून पाणी मुरलं तर खालच्या मजल्यावरचे शेजारी तुमच्या टोमॅटोला कायमचे दुरावतील.

दोरी कोणती वापरावी?

जुन्या सुती साडीच्या किंवा ओढणीच्या बोटभर रुंद पट्ट्या. याच्यापुढे विकतचं काही लागत नाही असं माझं मत आहे. पट्टी रुंद असल्यानं खोडाला काचत नाही आणि थोडी ताणली जाते. सुतळीही चांगली, पण पावसाळ्यात ओली राहून कुजते, म्हणून सप्टेंबरपर्यंत टिकेल असं धरू नका. केळीचं सुकलेलं सोपट पाण्यात भिजवून घेतलं तर कोवळ्या वेलांना उत्तम.

नायलॉनची बारीक दोरी, मासेमारीची तंगूस आणि उघडी तार झाडाला थेट लावायची नाही. खोड जाड होत जातं, तार होत नाही. तार वापरायचीच असेल तर तिच्यावर जुन्या ठिबकच्या नळीचा किंवा सलाइनच्या नळीचा तुकडा चढवा.

गाठ इंग्रजी आठच्या आकड्यासारखी घ्या: एक वेढा काठीला, मध्ये पीळ, दुसरा वेढा खोडाला. खोडाच्या वेढ्यात करंगळी शिरली पाहिजे.

पहिल्यांदा कधी वाकवायचं? सकाळी की संध्याकाळी?

मिरची-टोमॅटोचं रोप पिशवीत बसून नवी पानं काढायला लागलं की. म्हणजे साधारण सहा-आठ खरी पानं असताना आणि बुंधा अजून हिरवा असताना. बुंधा तपकिरी, लाकडासारखा व्हायला लागला की खोड वाकवायचं सोडा आणि फक्त फांद्या ओढा.

वेळ दुपार उतरल्यावरची, आणि पाणी घालायच्या आधीची. सकाळी झाड पाण्यानं टम्म भरलेलं असतं, अशा वेळी खोड काडकन मोडतं. थोडं मलूल असताना तेच खोड निमूट वाकतं. वाकवून झालं की मग पाणी द्या. एका दिवसात पूर्ण आडवं करू नका, दोन-तीन दिवसांनी दोरी थोडी थोडी आवळत जा.

बांधल्यावर दुसऱ्याच दिवशी शेंडा पुन्हा वर वळला. बांधणी फुकट गेली का?

नाही, तसंच व्हायला हवं. झाड प्रकाशाकडे वळणारच आणि गुरुत्वाकर्षणाच्या उलटही. खोड आडवं राहिलं एवढं पुरे.

मिरचीला वळण कसं द्यावं?

मिरची स्वतःच दुभागते. पहिलं फूल येतं त्या जागी खोडाला दोन, कधी तीन फाटे फुटतात आणि पुढे प्रत्येक फाट्याला पुन्हा तेच. त्यामुळे तिला खूप काही शिकवावं लागत नाही. पहिलं फूल खुडा, बेचक्याखालची बगलफूट (पान आणि खोड यांच्या कोनातून निघणारी फूट) आणि मातीला टेकणारी पानं काढा, आणि दोन्ही मुख्य फांद्या समोरासमोर हळूहळू बाहेर ओढून काठाला बांधा. मध्ये मोकळी जागा झाली की ऊन आत शिरतं, फुलकिडे आणि कोळी या किडीही पटकन नजरेस पडतात.

सांभाळायचं ते बेचकं. मिरचीची फांदी मध्ये मोडत नाही, बेचक्यातून उभी चिरते. म्हणून दोरी फांदीच्या टोकाला बांधून ओढण्यापेक्षा बेचक्यापासून चार-पाच इंचांवर बांधा. मिरच्या लगडल्यावर वजन वाढतं, तेव्हा दोन्ही फांद्यांना एकमेकींशी जोडणारा सैल बांध घालून ठेवा.

सिमला मिरचीला मात्र आडवं करण्यापेक्षा पॉलिहाउसवाल्यांची पद्धत बरी. दोन किंवा चार फांद्या ठेवायच्या आणि प्रत्येक वरून सोडलेल्या दोरीला गुंडाळत न्यायची.

टोमॅटो?

आधी बियाण्याच्या पाकिटावर वाण बघा. काही वाण ठरावीक उंचीला थांबतात, रोमा त्यातलाच. त्यांची बगलफूट काढत बसलात तर उत्पन्नच खुडून टाकाल. अशा झाडाला चार काठ्या आणि भोवती दोरीचे दोन-तीन वेढे पुरतात. बहुतेक चेरी टोमॅटो मात्र थांबायचं नाव घेत नाहीत, खरी बांधणी त्यांचीच.

न थांबणाऱ्या वाणाची एक किंवा दोन खोडं ठेवा. पान आणि खोड यांच्या बेचक्यातून निघणारी फूट बोटभर असतानाच चिमटीनं मोडा, कात्री लागत नाही. दुसरं खोड ठेवायचं तर पहिल्या फुलोऱ्याच्या लगेच खालची फूट ठेवा, ती सर्वांत जोमदार असते. लागवड करताना खालची पानं काढून खोड तिरकं पुरलं तर पुरलेल्या भागाला मुळं फुटतात. कापडी कुंडीत बुंध्याला पकड मिळवून देणारा यापेक्षा सोपा उपाय नाही.

झाड आधारापेक्षा उंच गेलं की दोन पर्याय राहतात. शेंडा खुडा, किंवा वरची दोरी सैल करून खालचं पानं काढलेलं खोड पिशवीभोवती गोल वळवून बसवा. सांगली-मिरजेकडच्या पानमळ्यात नागवेलीची उतरण करतात, तिचं तत्त्व हेच: वेल खाली उतरवून बुडाशी गुंडाळायची आणि शेंड्याला पुन्हा चढायला जागा द्यायची.

फळ तडकणं किंवा फळाचं बूड काळं पडणं हा दोष बांधणीचा नसतो. कापडी कुंडी लवकर सुकते, पाणी कमी-जास्त होतं आणि फळाला कॅल्शियम पोचत नाही. अंड्याची टरफलं पुरून आठवड्यात गुण येत नाही, पाण्याच्या वेळा सांभाळून येतो.

वांग्याला बांधावं लागतं का?

फळं धरल्यावर आधार लागतो, वाकवायची गरज नाही. तीन-चार मुख्य फांद्या ठेवा, बाकी काढा.

दुधी, कारलं, काकडी यांना “थ्रीजी कटिंग” करावं का?

मुख्य वेलाचा शेंडा खुडायचा, मग त्याच्या फांद्यांचा, आणि तिसऱ्या पिढीच्या (थर्ड जनरेशन) फांद्यांवर फळं घ्यायची, हे थ्रीजी कटिंग. यूट्यूबनं या शब्दाचं फार प्रस्थ माजवलंय. मुद्दा मात्र खरा आहे. दुधीच्या मुख्य वेलावर बहुतेक नर फुलं येतात आणि मादी फुलं फांद्या-उपफांद्यांवर जास्त. म्हणून वेल मांडवाला पोचला की शेंडा खुडावा. मांडवाखालच्या फुटी काढाव्यात आणि वरच्या ठेवून त्या चारी दिशांना पसरून बांधाव्यात. तिसऱ्या पिढीपर्यंत मोजत बसण्यात अर्थ नाही.

बाजारात काकडीचे असेही वाण आहेत ज्यांना जवळजवळ सगळी मादी फुलंच येतात. त्यांचा शेंडा खुडून हाती काही लागत नाही, दोरीवर सरळ चढवा.

आणि दुधी बारा इंची पिशवीत लावू नका. आडवी पसरणारी, चाळीस लिटरच्या पुढची पिशवी घ्या. नाहीतर मे महिन्यात दिवसातून तीनदा पाणी घालूनही वेल माना टाकेल.

इंटरनेटवर झाड अगदी सपाट, चाकाच्या आऱ्यांसारखं बांधलेलं दाखवतात. तसं करावं का?

ते व्हिडिओ नीट बघा, त्यातले बरेच गांजाच्या झाडाचे असतात. कापडी कुंडी आणि दोरीनं खाली ओढणं ही जोडी गांजाच्या घरगुती लागवडीतून लोकप्रिय झाली. आपल्याकडे १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यानुसार परवान्याशिवाय ती लागवड गुन्हा आहे, तो विषय तिथेच संपला. तंत्र उचलायला हरकत नाही, पण प्रमाण वेगळं ठेवा. तिथे दिव्याखाली सगळे शेंडे एका पातळीत हवे असतात. आपल्या गच्चीवर ऊन वरूनही येतं, बाजूनंही येतं, आणि फार सपाट केलेल्या झाडाची फळं व सालं मार्च ते मे भाजतात. थोडी पानं फळांवर सावली धरतील इतपत पसरवा.

वाकवताना फांदी मोडली.

पूर्ण तुटली नसेल, सालीचा थोडा भाग जोडलेला असेल तर घाई करून कापू नका. चीर जशी होती तशी बसवा, आइस्क्रीमच्या काडीचा आधार द्या, वरून दवाखान्यातली कागदी चिकटपट्टी किंवा कापडाची पट्टी गुंडाळा आणि वजन येऊ नये म्हणून फांदी टांगून ठेवा. चार-पाच दिवस सावलीत. टोमॅटो आणि मिरची बहुतेक वेळा सांधतात, आणि तिथे पुढे गाठीसारखा फुगवटा येतो. आठवड्यानंतरही पुढची पानं मलूल असतील तर मात्र कापा.

वळीव आणि पावसाळा यांसाठी वेगळं काही?

एप्रिल-मेमधला वळवाचा पाऊस जास्त धोक्याचा, कारण वारा अचानक आणि कुठल्याही दिशेनं येतो. तोपर्यंत पिशव्या कोरड्या म्हणजे हलक्या असतात. पिशव्या एकमेकींना चिकटवून ठेवा आणि सगळ्यांना मिळून एक दोरी फिरवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळी वारा बहुतेक नैर्ऋत्य-पश्चिमेकडून असतो, म्हणून आधाराच्या तारांची ओळ त्या दिशेला समांतर ठेवली तर पसरलेला वेल शिडासारखा वारा धरत नाही.

पावसात आठवड्यातून एकदा सगळे बांध बोटानं तपासा. भिजलेली सुतळी आखडते आणि काचते. जिथे दोरी सतत ओली राहून खोडाला चिकटली असेल, तिथे बांध दोन बोटं वर-खाली सरकवा.

वळण दिल्यावर पाणी-खतात काही बदल?

झाड पसरलं की पानांची छत्री पिशवीच्या बाहेर जाते आणि वरून घातलेलं पाणी बाहेरच पडतं. झारी खाली घालून बुडाशीच पाणी द्या. ठिबक असेल तर एका पिशवीला मध्यभागी एक ड्रिपर पुरत नाही, कडा कोरड्या राहतात. दोन ड्रिपर काठाकडे सरकवून ठेवा. वाकवल्याच्या आठवड्यात नत्राचा जादा डोस नको. फुटवे नुसते लांबट, लुसलुशीत होतात आणि मावा आलाच समजा.

पेरू, लिंबू, अंजीर अशा झाडांना चालतं का?

पेरूला फार चांगलं. पश्चिम बंगालमधल्या बारुईपूर भागात बागायतदार पेरूच्या फांद्यांच्या टोकाशी पानांच्या काही जोड्या ठेवून बाकीची पानं काढतात आणि फांदी धनुष्यासारखी वाकवून बांधतात. वाकलेल्या भागावर नवी फूट येते आणि तिच्यावर फूल. कुंडीतल्या पेरूला एकेका फांदीवर करून बघा, सगळं झाड एकदम उघडं पाडू नका. अंजिराच्या कोवळ्या फांद्या वाकतात, जुन्या ठिसूळ असतात. लिंबाला काटे आहेत, हातमोजे घाला आणि बांधण्यापेक्षा छाटणीवर भर द्या.

मोगरा, गुलाब?

वेली गुलाबाच्या लांब फांद्या आडव्या बांधल्या की प्रत्येक डोळ्याला फूट आणि फूल येतं. साध्या गुलाबाला आणि मोगऱ्याला छाटणीच हवी.

पिशवी फाटायला लागली आणि झाड तर बांधलेलं आहे. आता?

कापड उन्हानं विरतं, आणि पहिलं काठाशी विरतं, म्हणजे नेमकं जिथे आपण बांधलंय तिथे. झाड काढून दुसऱ्या पिशवीत लावण्याच्या भानगडीत फळं लागलेली असताना पडू नका. एक माप मोठी पिशवी जमिनीवर पसरून ठेवा, दोघांनी मिळून जुनी पिशवी झाडासकट तिच्यात बसवा, मधल्या फटीत कंपोस्ट-माती भरा आणि दोऱ्या एक एक करून नव्या काठावर घ्या. सगळ्या एकदम सोडू नका. हंगाम संपल्यावर जुनं कापड कात्रीनं कापून काढा. तोपर्यंत मुळं त्यात शिरलेली असतील, ओढून काढायला गेलात तर तीही तुटून येतील.